‘बी.ए.ला पैसे लागतातच कुठे?’

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. मथितार्थ असा: कला शाखेला फी नसतेच, असली तरी सरकार भरतं, मुलींना तर 2024 पासून सगळं मोफत, आणि लागतं काय, एक गाईड आणि पेपरच्या दिवशी हजेरी. तेव्हा बी.ए.वाल्यांनी खर्चाचं रडगाणं गाऊ नये.

मी शिकवतो इतिहास, पण जून ते सप्टेंबर माझ्या टेबलावर पुस्तकांपेक्षा उत्पन्नाचे दाखले जास्त असतात. कॉलेजातलं शिष्यवृत्तीचं काम माझ्याकडे आहे. म्हणून हे लिहितोय.

‘फी नसतेच.’ यात तथ्य आहे, म्हणून तर हा मजकूर खपतो. मुंबई विद्यापीठाच्या अनुदानित महाविद्यालयांत बी.ए.ची शिक्षण फी वर्षानुवर्षं 800 रुपये होती. वर्षाला, महिन्याला नव्हे. पण पावतीवर ‘शिक्षण फी’ ही एकच ओळ असते. तिच्याखाली ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, नियतकालिक, विमा, विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती निवारण निधी, परीक्षा आणि अनामत. (अनामत परत मिळते, पावती जपली तर. तीन वर्षांनी ती मागायला येणारे फार थोडे.)

त्याहून मोठा घोळ तुकडीचा. लोक विचारतात, ‘कॉलेज अनुदानित आहे ना?’ विचारायला हवं, ‘तुकडी अनुदानित आहे ना?’ एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असू शकते. पहिल्या तुकडीतल्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, दुसऱ्या तुकडीतल्यांचा विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो. साहजिकच फी कैक पटींनी वाढते. अनुदानित जागा आधी भरतात. उशिरा आलेल्याला उरलेली तुकडी मिळते आणि मग बाप काउंटरवर भांडतो, ‘त्याच्या पोराला एवढी कमी, माझ्याला एवढी जास्त कशी?’ बी.ए. मास मीडियासारखा अभ्यासक्रम तर कला शाखेतच मोडतो, पण चालतो बहुतेक ठिकाणी स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय, फीवरच.

‘सरकार भरतं.’ भरतं, पण कुणाचं, कधी आणि कुठल्या खात्यात? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला आठ लाखांची, आणि तीही कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. तिसऱ्या लेकराचा अर्ज घेऊन आलेल्या आईला हे सांगताना जीभ अडखळते. शिवाय अर्ज दरवर्षी नव्यानं भरायचा.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, आणि कॉलेजची फी त्यातूनच भरायची असते. हे घरी कुणी नीट सांगत नाही. गेल्या वर्षी एक वडील पासबुक घेऊन आले. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली होती आणि पोराच्या नावावर थकबाकी दिसत होती. पासबुकात एका ओळीवर पेनानं गोल केलेला. म्हणाले, ‘सर, पैसे आले व्हते, पण आमाला वाटलं ते पोराच्या खर्चाचे. बियाण्यात गेले.’ त्यांना काय म्हणणार? मजकुरात तर लिहिलेलं असतं, सरकार भरतं.

‘मुलींना सगळं मोफत.’ जुलै 2024 चा शासननिर्णय आहे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी (इतर मागासवर्गीय) मुलींना, आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत. माफ होते ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. साधं बी.ए. त्या निर्णयात बसत नाही. उलट खेड्यातल्या मुलीला बारावीनंतरच पहिला फटका बसतो: बारावीपर्यंत तिला शिक्षण फी नव्हती आणि एस.टी.चा पासही फुकट होता. एफ.वाय.ला, म्हणजे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, आली की दोन्ही सुरू. पासात 66.67 टक्के सवलत मिळते हे खरं, पण उरलेला तिसरा हिस्सा दर महिन्याला रोख मोजायचा असतो.

‘एक गाईड लागतं.’ इथे मी सरकारचाच आकडा पुढे करतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी 2016-17 मध्ये स्वाधार योजना आली. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. म्हणजे शहरात राहून शिकायला फी सोडून किमान एवढे लागतात, हे सरकारनंच कागदावर मान्य केलं. वरच्या 800 रुपयांच्या हे 75 पट. त्या 32,000 ला दहा महिन्यांनी भागा, महिन्याला 3,200 येतात. एवढ्यात दोन वेळचा डबा आणि वर चहा-नाश्ता बसवून दाखवावा कुणीतरी. योजनेत न बसणाऱ्या मुलांचे आईबाप तेवढेच पैसे खिशातून काढतात, ‘बी.ए.ला खर्च नाही’ म्हणताना तो डबा आणि ती कॉट कुणी मोजत नाही.

गाईडबद्दल भांडत नाही. गाईडवर पास होता येतं.

आणि ‘पेपरच्या दिवशी हजेरी’. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. आता अंतर्गत गुण आहेत, क्षेत्रप्रकल्प आहे, ऑन जॉब ट्रेनिंग आहे. त्याला जा-ये आहे, झेरॉक्स आहे, बुडालेला रोज आहे. ऊसतोडीचा हंगाम आणि पहिल्या सत्राची परीक्षा ऐन दिवाळीच्या आगेमागे गाठ घालतात, तेव्हा माझ्या वर्गातल्या मागच्या दोन बाकांवर कोण नसतं ते मला पाठ आहे. ज्यांना रोज येणं शक्यच नाही त्यांच्यासाठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, तो रस्ता चांगला आहे. पण मग कॉलेजात नाव घालून वर्षभर गैरहजर राहायचा सल्ला कशाला?

परवा हाच मजकूर पुन्हा आला. मी वाद घातला नाही, आमच्या एका फी-पावतीचा फोटो नाव झाकून खाली टाकला. बराच वेळ शांतता. मग एकाचा प्रश्न आला: ‘सर, ही कुठल्या तुकडीची?’