कॅरी ऑन आणि आपलं ‘बोलत सुटणं’

‘कॅरी ऑन म्हणजे चालू ठेवणे’ एवढं पाठ केलं की भागलं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. शब्दकोशात गो ऑन आणि कीप ऑनच्या पुढेही जवळपास तेच लिहिलेलं. मग एका अर्थासाठी तीन-तीन क्रियापदं कशाला पोसायची?

उत्तर मराठीतच होतं. बोलत राहिला, बोलत बसला, बोलत सुटला. बोलणं तिन्हींत चालूच आहे. पण ‘राहिला’ म्हटलं की मध्ये काहीतरी आडवं आलं असावं, तरी गडी थांबला नाही. ‘बसला’ म्हणजे कामाचा खोळंबा करून. आणि ‘सुटला’ म्हणजे आता त्याला आवरणं कुणाच्या हातात नाही. हा फरक आपल्याला कुणी शिकवावा लागला नाही. कॅरी ऑन बहुतेक वेळा ‘राहिला’च्या जवळ जातं, गो ऑन अँड ऑन थेट ‘सुटला’. कीप ऑनमध्ये ‘सारखं सारखं’ लपलेलं असतं, म्हणून ‘शी कीप्स ऑन इंटरप्टिंग’ला किंचित वैतागाचा वास येतो.

तुम्ही खोलीत शिरता, चाललेल्या गप्पा थबकतात, तुम्ही म्हणता, “चालू द्या तुमचं.” कॅरी ऑन म्हणजे नेमकं हे. १९३९ साली ब्रिटिश सरकारने युद्धासाठी ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ (शांत राहा आणि चालू ठेवा) हे पोस्टर छापलं, तिथे ‘कंटिन्यू’ शोभलं नसतं. बॉम्ब पडतील हे गृहीत धरूनच तो शब्द उभा आहे. (गंमत म्हणजे सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापूनही ते तेव्हा फारसं लागलंच नाही. २००० साली इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक गावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि मग ते कपाबशांवरसुद्धा पोचलं.)

खरी फसगत गो ऑनची. ‘शी वेंट ऑन टॉकिंग अबाउट मनी’ म्हणजे ती पैशांबद्दलच बोलत राहिली. ‘शी वेंट ऑन टू टॉक अबाउट मनी’ म्हणजे आधी दुसरं काही चाललं होतं, मग बाई पैशांवर आल्या. एका ‘टू’ने विषयच बदलला! कॅरी ऑनला हा ‘टू’ असा चालत नाही. ‘कॅरी ऑन वर्किंग’ म्हणा, नाहीतर ‘कॅरी ऑन विथ द वर्क’. ‘कॅरी ऑन टू वर्क’ म्हणालात तर ऐकणारा समजेल, वाटेत थांबलेल्याला तुम्ही कामाच्या ठिकाणी पुढे पाठवताय.

आणि हो, एखादा अमकीबरोबर ‘इज कॅरीइंग ऑन’ असं कुणी आवाज खाली आणून सांगितलं, तर ‘काय कॅरी करतोय?’ असं विचारू नका. त्यांचं काहीतरी चालू आहे.