टक्क्यांच्या पलीकडे बघा

अमेरिकी शहरं पोलीस आणि अग्निशमन दलाच्या संघटनांशी जे वेतन करार करतात, त्यांवरच्या या लेखात सगळा भर पगारवाढीच्या टक्क्यांवर आहे. या करारांत खरी मेख असते ती पेन्शन आणि ओव्हरटाइममध्ये. कॅलिफोर्नियातलं व्हॅलेहो शहर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेलं, तेव्हा सर्वसाधारण निधीतला, म्हणजे शहराच्या रोजच्या खर्चाच्या मुख्य तिजोरीतला, सुमारे तीन-चतुर्थांश पैसा याच दोन खात्यांवर जात होता. अर्थात मंदीने महसूलही आटला होता, सगळं खापर जवानांवर नको. भरती थांबवायची, आहेत त्यांनाच डबल ड्युटीला जुंपायचं आणि मग ओव्हरटाइमच्या नावाने बोंब मारायची, हेही चालतंच की! शिवाय अमेरिकेत बहुतेक राज्यांत यांना संपाला बंदी. म्हणून काही राज्यांत बोलणी फिसकटली की लवादाचा, म्हणजे त्रयस्थ पंचाचा, निवाडा शहर आणि संघटना दोघांवर बंधनकारक असतो. त्यावर लेखात एक ओळही नाही?