पर्याय ओळखणं म्हणजे लिहिणं नव्हे

‘व्याकरणाच्या बहुपर्यायी चाचणीत चांगले गुण असतील तर लेखनाची वेगळी परीक्षा घेण्याची गरज नाही’ हे इंग्रजीच्या चाचण्यांवरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. मी बरीच वर्षं प्रौढांना इंग्रजी शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीला अशा चाचणीत ४० पैकी ३८ गुण होते. तिलाच रजेचा अर्ज लिहायला सांगितला, तर पहिल्या तीन वाक्यांत काळ तीनदा बदलला आणि रजा नेमकी कधी हवी तेच राहून गेलं. समोर चार पर्याय असताना चूक हेरणं वेगळं, कोऱ्या कागदावर स्वतः वाक्य उभं करणं वेगळं. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेने २००५ साली इंटरनेटवरची आवृत्ती आणली तेव्हा व्याकरणाचा स्वतंत्र विभागच काढून टाकला. आयेल्ट्स या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेत व्याकरण तपासतात, पण उमेदवाराने लिहिलेल्या मजकुरातूनच. लेखनाच्या चार निकषांपैकी तो एक असतो.

लेखातल्या वाचनाच्या भागात क्लोझ चाचणीचा उल्लेख हवा होता. १९५३ साली विल्सन टेलर यांनी मांडलेली ही पद्धत साधी आहे: उताऱ्यातले शब्द ठरावीक अंतराने गाळायचे आणि विद्यार्थ्याने ते भरायचे. मात्र गाळलेला शब्द ‘द’ असेल तर व्याकरण तपासलं जातं, ‘हाउएव्हर’ असेल तर मागचा-पुढचा मजकूर समजलाय का ते कळतं. म्हणून मी नुसती बेरीज करत नाही, कुठली जागा चुकली ते आधी पाहते.