वाईनचं प्रूफ

शहापुरात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या आणि हॉटेलांची मेनूकार्डं. बेळगावातली हॉटेलं मी जिभेपेक्षा कागदावरून जास्त ओळखतो, आणि त्या बळावर एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. ज्या हॉटेलात जेवण चांगलं, त्यानं मला आजवर एक रुपयाचं काम दिलेलं नाही.

सावजी खानावळच घ्या. बाकड्यावर टेकायच्या आत पोऱ्या पाण्याचा तांब्या आदळतो आणि विचारतो, "मटण काय खिमा?" संपलं मेनूकार्ड. तिसरं काही मागितलंत तर तो आत तोंड करून ओरडतो, "ह्यांना काय तरी वेगळं पाहिजे म्हणे," आणि सगळी खानावळ वळून बघते. नाहीतर लिंगायत खानावळीत जा. ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे आपली तेलात मुरलेली भरली वांगी, शेंगाची चटणी, वर दही. बेकु आणि साकु, म्हणजे पाहिजे आणि पुरे, एवढ्या दोन कानडी शब्दांवर माणूस पोट धरून उठतो. अशा लोकांनी छापून तरी काय घ्यायचं?

माझं पोट भरतं ते काँग्रेस रोडच्या बाजूला उघडणाऱ्या फॅमिली रेस्टॉरंटांवर. १४ पानी कार्ड, वर प्लॅस्टिक. त्यात पनीर ११ प्रकारचं. मी स्वतः टाईप केलंय म्हणून सांगतो, कढईतलं वेगळं, हंडीतलं वेगळं, तव्यावरचं वेगळं. भांडी बदलतात, पनीर तेच. ऑर्डर आपण मराठीत द्यायची, पोरगा ती आत कानडीत ओरडणार, बिल इंग्रजीत येणार आणि सुट्टे नाहीत हे हिंदीत कळणार.

तर अशाच एका रेस्टॉरंटचे मालक जूनमध्ये आले. "दोन पानं वाढवा. वाईन लिस्ट. स्टँडर्ड वाढलं पाहिजे की वो." हातात वहीचा फाटका कागद. एक पान इंग्रजीत, एक कानडीत.

आता मी आयुष्यभर 'श्रीकृपेकरून' आणि 'आमच्या येथे' छापलेला माणूस. कागदावर 'कॅबर्ने सोविन्यों' दिसलं, खाली 'सोविन्यों ब्लां'. म्हटलं, घाईत दोन नावं चिकटली असणार. मी मधे स्वल्पविराम मारून कॅबर्ने वेगळा आणि सोविन्यों वेगळा केला. मालकांनी प्रूफ बघितलं. "ही एकच हाय वो. दोन केलासा तर दुसरी मी आणू कुठनं?"

मग हट्टानं वाचलं. नाव चिकटलेलं होतं ते खरंच, पण चूक माझ्या गिऱ्हाइकाची नव्हती. फ्रान्समध्ये कॅबर्ने फ्रां नावाचा काळ्या द्राक्षाचा वेल आणि सोविन्यों ब्लां हा पांढऱ्याचा, या दोघांचं कधीतरी आपापसात जमलं. कुणाला पत्ता नाही. १९९७ साली कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी कॅबर्ने सोविन्योंचा डीएनए तपासला तेव्हा त्याचे आईबाप सापडले. पोर मात्र काळं. आमच्याकडे अशा लग्नाच्या पत्रिका पन्नासच छापतात आणि प्रूफ घरी पाठवू नका म्हणतात.

वाचता वाचता आणखी कळलं. आपली विजापूर-तासगावची द्राक्षं बरीचशी वाळून बेदाणे होतात. वाईनचं द्राक्ष वेगळं, बारीक, जाड सालीचं, बियांचं, हातगाडीवर ठेवलं तर कुणी किलोभर घेणार नाही असं. रस सालीसकट आंबवला की रंग उतरतो आणि रेड वाईन होते. एवढं ज्ञान मी जेवताना बायकोला सांगितलं. तिथंच चुकलं.

कारण जुलैत पुण्याहून भाची आणि जावई आले. जावईबापूंना म्हणे जेवणाबरोबर थोडी रेड वाईन लागते. बायको म्हणाली, "तुम्हीच जावा. महिनाभर त्याचंच तर सांगूलाला होता." शेजारी म्हणाले, गोव्यास्नं आणा, स्वस्त पडते. पण चोर्ला घाट उतरून चढायचा, त्यात कणकुंबीच्या नाक्यावर पिशवी उघडली तर जावयासाठी म्हणून कोण ऐकणार?

गेलो. स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावली, हेल्मेट डोक्यावरच ठेवलं. पाऊस होता म्हणून शोभलं. दुकानावर हे मोठं 'वाईन्स'. आत व्हिस्की, रम, ब्रँडी, बिअर. जाळीतून विचारलं, "रेड वाईन आहे का?"

रांग गप्प झाली. दुकानदारानं मायेनं विचारलं, "घरात बाळंतीण हाय काय वो?" आणि गोड पोर्टची बाटली पुढं केली. नको म्हटलं तर मागचा एक भिजलेला गृहस्थ म्हणाला, "मामा, पावसात वाईन काय पिऊलासा? रम घ्या की." हेल्मेटमधूनही मी मामा दिसतो, हे त्या दिवशी कळलं.

शेवटी स्टूल लावून वरच्या फळीवरून शिराझ नावाची एक रेड वाईन निघाली. फडक्यानं पुसल्यावर लेबल दिसलं. ट्यूबलाईटच्या बुडाशी उभी होती. मला राहवेना. "बुचाची बाटली आडवी ठेवायची असते. बूच ओलं राहतं."

"आडवं व्हायचं ते पिणाऱ्यानं," दुकानदार म्हणाला आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळली. तसल्या कागदात आमच्या घरी फक्त सुकट येते.

बूच काढायचा स्क्रू घरात असणार कुठून? छापखान्यातलं बाइंडिंगचं दाभण आणलं. खुपसलं. ओढलं. अर्धं बूच दाभणाला, अर्धं बाटलीत. जावईबापू सोफ्यावरून सगळं बघत होते. बायकोनं चहाची गाळणी दिली. पुण्याच्या माणसासमोर चहाच्या गाळणीतून शिराझ गाळताना माझे कान तापले होते.

त्यांनी पेला फिरवला, नाक घातलं, घोट घेतला. तोवर ताटात बायकोचं मटण आलं. दुसऱ्या घासाला जावईबापूंच्या कपाळावर घाम, तिसऱ्याला त्यांनी पेला सरकवून तांब्या जवळ ओढला. मी घोटभर चाखली. जांभळाची बी चावावी तशी तुरट. ती तुरटी सालीतून आणि बियांतून येते, हे मला माहीत होतं; सांगितलं नाही.

उरलेली बाटली कुठं ठेवावी या विचारात होतो, तेवढ्यात रेस्टॉरंटच्या मालकांचा फोन. "वो, कानडी पान बघितलासा काय? शिराझमधलं शेवटचं अक्षर खाल्लंय. शिरा झालाय, १८०० रुपयांना. आणि चार नंबरच्या टेबलावरचे आजोबा तेच मागूलेत. साजूक तुपातला हाय काय विचारूलेत."

माझ्या पोटात गोळा आला. "मग काय दिलंत?"

"शिराच दिला की. चाळीस रुपये लावले. बेदाणे जरा ज्यास्त घातले."