पोरांना "हेच दिवस मजेचे" सांगणं बंद करा

आज डोकं फिरलंय. लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही. लांबलचक होणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं, राग नाही.

दुपारी दादाकडे गेले होते. भाची आठवीत आहे, खोलीत तोंड भिंतीकडे करून पडलेली, डोळे सुजलेले. वर्गातल्या मैत्रिणींनी तिला त्यांच्या ग्रुपमधून काढून टाकलं, कारण कुणालाच सांगता येत नाहीये, आणि उद्या सकाळी परत त्याच मुलींच्या शेजारी जाऊन बसायचंय. दादाने दारातून डोकावून सांगितलं, "अगं वेडे, एवढ्याशाला रडतेस काय? हेच दिवस आहेत मजेचे. मोठी झालीस की कळेल, परत मिळत नाहीत." मायेनेच म्हणाला, त्यात वाद नाही. पण तो गेल्यावर पोरगी उठून बसली आणि मला विचारते, "आत्या, म्हणजे पुढे याच्याहून वाईट असतं का?"

विचार करा जरा. तेरा वर्षांच्या मुलीला आपण काय सांगतोय? की तुला आत्ता जे होतंय ना, ज्याने तुला श्वास घेता येत नाहीये, तो तुझ्या आयुष्याचा सगळ्यात छान भाग आहे, इथून पुढे उतरणच आहे. कुठल्या शहाण्या माणसाने हे मुलांना सांगायचं ठरवलं?

मी तिला "नाही" म्हटलं. चक्क "नाही, पुढे बरं होत जातं" असं तोंडावर सांगितलं.

आणि योगायोग बघा, संध्याकाळी आमच्या भावंडांच्या ग्रुपवर कुणीतरी जुना फोटो टाकला. आम्ही सगळी पोरं ओळीने उभी, पुढच्या रांगेत मी, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, तोंडभर हसू. खाली लिहिलंय, "आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ, परत मिळेल का?" त्यावर बदामांची बरसात, डोळ्यांत पाणी आणणारे इमोजी, "ना कसली चिंता ना जबाबदारी" वगैरे वगैरे. मी त्या फोटोकडे बघत बसले, कारण ते वर्ष मला चांगलं आठवतं. ते बाटलीचं वर्ष.

सांगतेच आता. तिसरीत होते. तास चालू असताना मला बाथरूमला जायचं होतं. हात वर केला, बाई म्हणाल्या सुट्टी होईपर्यंत थांब. परत हात वर केला, बाई म्हणाल्या तुला कळत नाही का एकदा सांगितलेलं. तिसऱ्यांदा हात वर करायची हिंमत नव्हती. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच. पण मला आजही जे आठवतं ते त्यानंतरचं: मी दप्तरातून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि हळूच सगळं पाणी स्वतःच्या मांडीवर ओतलं, बाकावर ओतलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बाटली सांडली. आठ वर्षांची मुलगी. एवढं डोकं चालवावं लागलं तिला, तेही रडू गिळत. मग "धांदरट आहेस" म्हणून बोलणी खाल्ली आणि मला त्याचंच केवढं हायसं वाटलं, की धांदरटच म्हणाल्या. घरी कुणाला सांगितलं नाही. दिवसभर तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही, हे मात्र त्या दिवसापासून पक्कं ठरवलं आणि शाळा संपेपर्यंत पाळलं.

फोटोत हसतेय मी. फोटोत सगळेच हसतात.

आता लगेच म्हणाल की एका बाटलीवरून सगळं बालपण वाईट ठरवतेस का. नाही ठरवत. खेळले, भांडले, गच्चीवर झोपून तारे मोजले, सगळं केलं. माझं म्हणणं वेगळंच आहे. लहानपणी स्वतःच्या पोटाचा, झोपेचा, लघवीचासुद्धा निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो. कोणाशेजारी बसायचं, कधी उठायचं, कोणाच्या गालगुच्च्याला हसायचं, कोणाला पाहुण्यांसमोर गाणं म्हणून दाखवायचं. आणि दुखलं तर "एवढंसंच तर आहे" हे ऐकून घ्यायचं. ज्या माणसाला स्वतःच्या दिवसातला एक तास स्वतःच्या मर्जीने जगता येत नाही, तो सगळ्यात सुखी? हे आपण दुसऱ्या कुठल्याही वयाच्या माणसाबद्दल म्हणू का?

आठवणींचं काय असतं, त्या नितळून नितळून गोड होतात. यावर मानसशास्त्रवाल्यांनी पुष्कळ काम केलंय, वाईट प्रसंगाची टोचणी चांगल्या प्रसंगाच्या आनंदापेक्षा लवकर बोथट होते असं त्यांना दिसलंय. आणि माणसाला म्हातारपणी विचारलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त निघतात, कारण सगळं पहिल्यांदा घडत असतं तेव्हा. पण जास्त आठवतं म्हणजे जास्त सुखाचं होतं असं थोडीच आहे! आपण आपल्या बालपणावर प्रेम करतो ते ते संपलंय म्हणून. ते आता आपलं काही वाकडं करू शकत नाही. भाचीचं अजून चालू आहे.

बरं, मग सुखाचं वय कोणतं? मला विचाराल तर पन्नाशीनंतरचं. हो, खरंच. मी आत्ता एक्कावन्न वर्षांची आहे आणि मी माझ्या आयुष्यात इतकी निवांत कधीच नव्हते.

चाळिशी विचारू नका. आईचं आजारपण, मुलाची दहावी, ऑफिसात नवीन साहेब, सगळं एकदमच. रात्री अंथरुणावर पडल्यावर उद्याच्या कामांची यादी डोक्यात सुरू व्हायची ती पहाटेपर्यंत. तेव्हा मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय. मग कळलं की हे भरपूर लोकांचं होतं. ब्लँचफ्लॉवर आणि ऑसवाल्ड म्हणून दोन अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2008 मध्ये कितीतरी देशांमधल्या लोकांची माहिती एकत्र करून दाखवलं की समाधानाचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा असतो, तरुणपणी वर, चाळिशीच्या उत्तरार्धात तळाला, आणि मग परत वर. 2012 मध्ये तर चिंपांझी आणि ओरँगउटानवरही तसंच काहीसं सापडलं, त्यांची देखभाल करणाऱ्यांना त्यांच्या मूडबद्दल विचारून. म्हणजे ज्यांना कर्ज नाही, साहेब नाही, दहावीतला मुलगा नाही, त्यांचीसुद्धा मधल्या वयात घसरण! हे वाचलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं, कुणीतरी पाठीवर हात ठेवावा तसं.

हा यू काही सगळ्यांना मान्य नाही, आणि तरुणांचं तर हल्ली त्यातही बसेना. 2024 च्या जागतिक आनंद अहवालात अमेरिका आणि कॅनडातली तिशीच्या आतली मंडळी साठीच्या पुढच्यांपेक्षा कमी समाधानी निघाली. आणि आपण काय करतो, त्याच वयाच्या पोरांना जाता येता सांगतो, "तुमची काय बुवा ऐश आहे."

मान्य, पन्नाशीत गुडघे बोलतात. मान्य, ज्याच्याकडे पैसा नाही किंवा घरात मोठं दुखणं आहे त्याला हे सगळं ऐकून माझा राग येईल आणि तो येणं बरोबर आहे. आणि लहानपणी कर्जाचे हप्ते नसतात, हेही मान्य, दरवेळी कुणीतरी हेच तोंडावर फेकतं म्हणून आधीच सांगून टाकते. पण हप्ता भरायचा की नाही, नोकरी टिकवायची की सोडायची, कुठे राहायचं, हे निदान मी ठरवते तरी. आठ वर्षांच्या मला बाकावरून उठायचंही ठरवता येत नव्हतं हो. मला कोणी आत्ता म्हटलं की घे हप्ते, घे गुडघे, घे रात्रीची जाग, नाहीतर परत जा त्या बाकावर, तर मी एका क्षणात हप्ते घेईन.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. दादावर नाही चिडलेय मी खरं तर. तोही त्या फोटोत आहे, माझ्या मागे, मान खाली घालून, कारण त्याला तेव्हा चष्मा लागला होता आणि फोटोसाठी तो काढायला लावला होता, "चांगला दिसत नाही" म्हणून. त्याला समोर कॅमेरा कुठे आहे तेही दिसत नव्हतं. हे त्याला आठवत नाही! संध्याकाळी त्याच फोटोवर त्यानेही बदाम टाकलाय. ज्या माणसाला स्वतःचंच दुखणं आठवत नाही तो पोरीचं काय ओळखणार. आणि असं विसरता येतं म्हणूनच माणसं जगतात, हेही खरं आहे. फक्त स्वतः विसरलात म्हणून समोरच्याला सुखी ठरवू नका, एवढंच म्हणतेय.

पण गोष्ट इथेच थांबत नाही, म्हणून तर एवढं टाइप करतेय.

वय वाढलं की सुख वाढतं असं मी म्हणतेय खरं, पण किती वाढेपर्यंत? बाबा ऐंशीचे झाले. दादाकडेच असतात. दादा-वहिनी त्यांचं सगळं मनापासून करतात, माझ्याच्याने झालं नसतं इतकं करतात, त्यांच्याबद्दल एक अक्षर वावगं बोलणार नाही. पण आज मी बघत होते. बाबांना चहा हवा का हे वहिनीने मला विचारलं. बाबा समोर बसलेले. पंखा कोणीतरी येऊन कमी केला, बाबांना न विचारता. डॉक्टरकडे कधी जायचं ते आम्ही दोघांनी त्यांच्या डोक्यावरून बोलून ठरवलं, हो, त्यात मीही होते. बाबा एकदा काहीतरी बोलायला गेले, कुणाचं लक्ष नव्हतं, मग त्यांनी हात खाली घेतला. अर्धा वर केलेला हात. मला तो हात बघून बाटली आठवली.

म्हातारपण वाईट असतं ते शरीरामुळे असतं असं आपण धरून चालतो. थोडं असतंही. पण 1976 मध्ये लँगर आणि रोडिन या दोघींनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एक साधा प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं की खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि एकेक रोप दिलं, त्याची काळजी तुम्हीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगितलं की तुम्हाला सुखात ठेवणं हे आमचं काम, रोप त्यांनाही दिलं पण पाणी नर्स घालणार. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उल्हसित, जास्त हिंडती-फिरती झाली. काळजी दोन्हीकडे घेत होते बरं का! खाणंपिणं, औषधं, सगळं सारखं. फरक एवढाच की एकीकडे माणसाला विचारत होते.

म्हणून मला वाटतं आपण हा प्रश्नच चुकीचा विचारतो, बालपण का तारुण्य का म्हातारपण. मधल्या वयात आपल्या हातात चाव्या येतात म्हणून आपल्याला बरं वाटायला लागतं, आणि मग त्याच चाव्या आपण दोन्हीकडच्यांपासून लपवून ठेवतो, पोरांपासूनही आणि आईबापांपासूनही. वर त्यांनाच सांगतो, तुमचं काय, तुम्हाला कसली चिंता. पोरांना सांगतो ऐश आहे, म्हाताऱ्यांना सांगतो आता आराम करा. चीड येते मला या "आराम करा"ची.

बाबांच्या खोलीत त्यांचं एक टेबल आहे. त्यावर डबे, डब्यांत स्क्रू, बारीक पेचकस, भिंग, बंद पडलेली घड्याळं. अजूनही रोज तासभर बसतात तिथे, हात थरथरतो पण बसतात. एखादं घड्याळ चालू होतंही. आज निघताना दादा म्हणाला, टेबल काढू या, अडखळून पडतील, त्या जागी कठडा असलेला पलंग बसेल. पडण्याची भीती खोटी नाही, मागे एकदा पडलेतही. पण त्या टेबलाबद्दल बाबांशी कुणीही बोललेलं नाही.

ग्रुपवर त्या फोटोखाली मी बदाम टाकला नाही. दादाला वेगळा मेसेज केलाय, की उद्या मी परत येतेय, आपण दोघं बाबांसमोर बसून विचारू, टेबल ठेवायचं का, ठेवायचं तर कुठे सरकवायचं, पलंग हवाय का नको. ते नको म्हणाले तर टेबल तिथेच राहील, मग आपण त्याचे कोपरे मऊ करू, दिवा मोठा लावू, बघू काय ते. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून. चिडला असेल. चिडू दे.