घराजवळचे काहीही न पाहण्याविषयी

गोव्यात जन्मून आणि येथेच नोकरी करूनही गोवा न पाहण्याचे व्रत ज्यांना निष्ठेने पाळायचे आहे, त्यांनी पुण्या-मुंबईचे पाहुणे आल्याशिवाय कोठेही जाऊ नये, आणि ते आलेच तर त्यांना जुन्या गोव्याच्या चर्चपाशी उतरवून स्वतः गाडीत बसून राहावे.

पणजीत राहणाऱ्यांना हे व्रत जड जाते, कारण पाहण्याजोगे पुष्कळ काही त्यांच्या वाटेतच उभे आहे. जुन्या सचिवालयाजवळ हात पसरून उभ्या असलेल्या पुरुषाचा आणि त्याच्यासमोर कोसळणाऱ्या स्त्रीचा पुतळा दिसला, तर नवरा-बायकोचे भांडण समजून पुढे जावे. तो आबे फारिया यांचा आहे, 1756 साली कांदोळीत जन्मलेल्या या पाद्र्याने पॅरिसमध्ये संमोहनाचे धडे दिले, असली माहिती डोक्यात शिरली की माणूस थांबतो आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील चित्रफरशांचा धोका त्या मानाने कमी, कारण आत जाण्याचे आपल्याला काहीच कारण नसते.

शिवजयंतीला स्टेटस अवश्य ठेवावे. मात्र महाराजांनी 1668 साली ज्याचा जीर्णोद्धार करवला, ते सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहण्यासाठी नार्वेला जाण्याचा अतिरेक करू नये. तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर शाळेच्या सहलीत पाहून झालेलेच असते, आणि तेव्हा डब्यात काय होते एवढे आठवले तरी इतिहासाचे ऋण फिटते. रिवणजवळ कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोणा आदिमानवाने बैल आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळे कोरून ठेवली आहेत. तेथे मोबाइलची रेंज मिळत नसेल, असे गृहीत धरून तो विषय संपवावा.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरताच सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. खारफुटी, खंड्या, बगळे हे सारे इतक्या जवळ असणे गैरसोयीचेच. तेव्हा बोटीत गाडीच्या काचा वर करून एसी चालू ठेवावा आणि मोबाइलमध्ये मान घालावी. मग वर्षभर साठवलेली रजा घेऊन केरळला जावे, भरपूर भाडे मोजून होडीत बसावे आणि पाण्याकाठची झाडे पाहताना, ‘आपल्याकडे असे काही असते तर!’ असा सुस्कारा शेजारच्या पर्यटकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने टाकावा.