टायगर्सचा वाघ

आमच्या भद्रावती तालुक्यात वाघाला तोटा नाही. ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या जिप्सीवर वाघ, पानठेल्याच्या पाटीवर वाघ, पोट्ट्यांच्या गाडीवर डरकाळी फोडणारा वाघ. तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बायांच्या जिवालाही त्याचाच घोर. पण आपल्या वायुसेनेच्या सगळ्यात जुन्या स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं, चिन्हही वाघच, हे सांगितलं की लोक 'हो का?' म्हणतात अन् राफेलवर घसरतात.

पहिली स्क्वाड्रन, 'टायगर्स'. १ एप्रिल १९३३ ला कराचीत चार वापिती विमानांवर उभी राहिली. १९४४ ला इंफाळच्या लढाईत अर्जन सिंगांच्या हाताखाली हरिकेन विमानं घेऊन लढली. पण मले विचाराल तर त्या वाघाची खरी गोष्ट १९६५ च्या पाकिस्तानसोबतच्या युद्धातली.

७ सप्टेंबरला पहाटे आदमपूरहून या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर हल्ला करायला निघाली. स्क्वाड्रन लीडर देवय्या राखीव होते. एक विमान मोहिमेतून गळालं तेव्हा त्याच्या जागी ते गेले. परततीला पाकिस्तानचं स्टारफायटर मागं लागलं. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं ते विमान, अन् देवय्यांचं मिस्टेअर त्याच्यापुढं जुनं, धिमं. त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या. दुसरा कोणी असता तर जमलं तसं घराकडं पळाला असता. देवय्या उलटून भिडले अन् स्टारफायटर पाडलं. त्याचा वैमानिक अमजद हुसेन उडी मारून वाचला. देवय्या परतले नाहीत.

इकडच्या कोणीच ती झुंज पाहिली नव्हती. कागदावर नुसतं 'बेपत्ता'. १९७९ ला एका इंग्रज लेखकाचं पुस्तक आलं, तेव्हा स्टारफायटर मिस्टेअरनं पाडल्याचं इथं कळलं. मग त्या वेळचे स्क्वाड्रन प्रमुख तनेजा या प्रकरणाच्या मागं लागले. महावीर चक्र जाहीर झालं १९८८ ला. तेवीस वर्षांनी!

उशिरावर चिडणारे चिडोत, मीही चिडतो. पण साक्षीदारच नव्हता, हेही खरं. मले तनेजांचा पिच्छा देवय्यांच्या झुंजीइतकाच मोठा वाटतो. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवताना आपला जीव किती मेटाकुटीला येतो, ठाऊकच आहे. 'एकता में शक्ति' हे या स्क्वाड्रनचं ब्रीद. आपल्या हाताखालच्या माणसासाठी इतक्या वर्षांनी कागद घेऊन उभं राहणं, मी तरी त्याचा अर्थ हाच धरतो.

म्हणून मंडळवाल्यांनो, यंदा गणपतीच्या देखाव्यात राफेल उभं करणार असाल तर शेजारी एक मिस्टेअरही ठेवा. खाली देवय्यांचं नाव नीट लिहा. पुठ्ठा माझ्याकडून.